ओल्या रंगाची सायकल

भिलाईत सप्टेंबर येतो तो वासाने येतो. पाऊस पुरता गेलेला नसतो, पण त्याचा जोर ओसरलेला असतो. नाल्यांच्या काठाने कासाचं पांढरं गवत फुलतं, चौकाचौकात बांबू रोवून मांडव उभे राहायला लागतात, आणि मग एखाद्या दुपारी शेजारपाजारचं कोणीतरी रंगाचा डबा उघडून लोखंडी फाटक रंगवायला बसतं. विश्वकर्मा पूजेच्या, म्हणजे अवजारांच्या सणाच्या, आधी फाटक, हातगाडी, सायकल, ट्रक, जे जे म्हणून लोखंडाचं असेल त्याच्यावरून एक हात फिरवायचा, ही आमच्या गावाची चालच आहे. झेंडूचा वास, धुपाचा वास आणि त्यात तो ओल्या रंगाचा वास मिसळला की लोकांना सण आल्यासारखं वाटतं. मी खिडक्या लावून घेतो. बायको विचारते, सणाच्या दिवशी तोंड असं का करून बसता? मी सांगतो, ॲसिडिटी. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, दर सप्टेंबरात मला ॲसिडिटी होते.

यंदा तो वास माझ्याच अंगणात आला. माझी भाची रश्मी, म्हणजे बहीण सुनंदाची मुलगी, पुण्याहून सुटीवर आली होती. मागच्या खोलीत काहीतरी शोधायला गेली आणि धुळीने माखलेली रशियन सायकल ओढत बाहेर घेऊन आली. "मामा, ये तो विंटेज क्रूझर है," असं म्हणून तिने सायकलचे पन्नास फोटो काढले. मी चाळीसेक वर्षं तिला रशियन सायकल म्हणत आलो. तिला असं भारदस्त नाव आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं. रश्मीला ती पार खोलून, घासून, पुन्हा रंगवून पुण्याला न्यायची होती. दुसऱ्या दिवशी ती रंगाचे दोन डबे घेऊन हजर. सोबत, हल्ली गावातल्याच नेहरू नगरला राहणारी सुनंदाही आली, खुर्ची टाकून सावलीत बसली. मी पान्यांची पेटी काढली.

सायकल मला मिळाली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. म्हणजे गाव हेच, क्वार्टरही हेच, पण राज्य ते होतं आणि भोपाळ फार लांब होतं. वडील पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन भंडाऱ्याकडे शेती बघायला परत गेले होते. हुडको वसाहतीतल्या घरात आई, सुनंदा आणि मी. मी त्याच कारखान्याच्या मिलमध्ये मेंटेनन्सचा, म्हणजे दुरुस्तीचा, फिटर. ही जात मोठी गर्विष्ठ असते. मशीन चालवणारे वेगळे, पण बंद पडलं की बोलावतात ते आम्हाला, त्यामुळे विश्वकर्म्याचं आणि आपलं काहीतरी घरचं नातं आहे असं आम्हाला वाटत राहतं.

भंगारवाल्याच्या ढिगात मला ती दिसली. कारखाना उभारायला आलेल्या कोणा रशियन इंजिनिअरने मायदेशी परतताना टाकून दिलेली असावी. आपल्या काळ्या, ताठ, बावीस इंची सायकलींत ती अगदी निराळी होती. कमानीसारखी वाकलेली नळी, गाईच्या शिंगांसारखं रुंद हँडल, जाडजूड टायर आणि स्प्रिंगांची ऐसपैस सीट. गंज इतका की हात लावला तर पापुद्रे निघत. मी ती डोक्यावर घेऊन घरी आलो तेव्हा आई म्हणाली, घरात आधी एक भंगार आहे ते पुरे नाही का. ते भंगार म्हणजे मी.

तो सगळा पावसाळा मी सुट्टीच्या वेळात त्या सायकलवर घालवला. सिगडीची राख, रॉकेल आणि लिंबू घेऊन गंज काढत बसायचो. राखेखालून हळूहळू चमक वर यायला लागली की मला वेळेचं भान राहायचं नाही. चेनचे दुवे रॉकेलात बुडवून ठेवले. मडगार्डचा पोचा लाकडावर ठेवून ठोकून काढला. चेनवरचं झाकण नव्हतं ते पत्र्याचं नवीन केलं आणि त्याला छानशी गोलाई दिली. मूळ सायकलला होतं त्याहून ते देखणं झालं, असं माझं आजही मत आहे.

त्या सायकलला हाताचे ब्रेक नव्हते. मागच्या चाकाच्या पोटातच ब्रेक. पायडल उलटं दाबायचं, की चाक थांबतं. त्या पोटातून एक चपटा दांडा बाहेर येतो आणि तो सायकलच्या खालच्या नळीला एका पट्टीने बांधलेला असतो. पट्टी केवढी, तर बोटाएवढी. वाकवलेला पत्रा, एक बोल्ट, एक नट. पण ती नसेल तर ब्रेकला धरायला काही उरत नाही. पायडल उलटं दाबलं तर चाक थांबण्याऐवजी तो दांडाच फिरतो. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली की माझी सगळी भीती समजेल.

हुडकोच्या कोपऱ्यावर यादवचं पंक्चरचं दुकान होतं. त्याने सायकल पाहिली आणि म्हणाला, भैया, आगे हाथ का ब्रेक लगवा लो, बहनजी चलाएँगी. मी ऐकलं नाही. हँडल इतकं मोकळं, स्वच्छ दिसत होतं, त्यावर ब्रेकच्या काड्या आणि तारा लोंबकळवायच्या म्हणजे नवरीच्या गळ्यात कुलूप अडकवण्यासारखं मला वाटलं. यादव शहाणा माणूस होता. मी हुशार होतो.

सायकल सुनंदासाठी होती. तिला हायवेपलीकडे, सिमेंट कारखान्याच्या जामुलला, एका छोट्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली होती. शाळा दुपारची. जामुलची बस आली तर यायची, नाही तर नाही. दोनदा तिला उशीर झाला आणि शाळेतून सांगण्यात आलं की तिसऱ्यांदा झाला तर येऊ नका. आईला ती नोकरीच नको होती. सिमेंटचे ट्रक, परकी वस्ती, लग्नाची मुलगी, ही तिची कारणं. त्यामुळे ती सायकल म्हणजे सुनंदाची नोकरी होती. बावीस वर्षांची होती ती. पहिल्या पगारातून तिने आईला चष्मा आणला होता, आणि आई तो चष्मा घालून तिला म्हणायची, नोकरी सोड.

रंग द्यायच्या आधी मी सायकल तशीच उघडीबोडकी जोडून सुनंदाला मैदानावर शिकवली. पंधरा दिवस. तिला उलट्या ब्रेकची धास्ती वाटायची, कारण आपल्या सायकलींवर पायडल उलटं फिरवणं म्हणजे नुसता चाळा. मी तिला भित्री म्हणायचो. ओरडायचो. पण शिकली. शेवटी शेवटी तर मी सांगितलेल्या विटेपाशी बरोबर चाक थांबवायची.

मग मी सायकल पुन्हा खोलली आणि रंगवली. समुद्री हिरवा, आणि मडगार्डवर दुधी पट्टा. भिलाईत तशी सायकल नव्हती, मी पैजेवर सांगतो. पूजेच्या दिवशी तिची पूजा करून सुनंदाने त्याच दिवशी ती शाळेत न्यायची असं ठरलं होतं. पण हवा दमट. दुसरा हात दिला आणि रंग वाळेचना. आदल्या संध्याकाळी सगळं जोडून झालं आणि मी ती पट्टी हातात घेतली. खालच्या नळीवरचा रंग अजून बोटाला चिकटत होता. पट्टी आवळली असती तर रंग उचलला गेला असता, खालचा गंजाचा डाग दिसला असता. म्हटलं, सकाळी लावू. पट्टी आणि तिचा बोल्ट पान्यांच्या पेटीत टाकला आणि झोपलो. कुठल्याही कारखान्यात कुठलाही फिटर असं करणार नाही. मी केलं, कारण रंग सुंदर होता.

सकाळी आईने माझ्या आधी उठून पेटी रिकामी केली होती. पाने, पक्कड, हातोडी, सगळं धुऊन, पुसून, पाटावर लाल कापड घालून मांडलं होतं आणि प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं. एकदा कुंकू लागलं की त्या दिवशी अवजाराला हात नाही, हा नियम. त्यांनाही वर्षातून एक दिवस विसावा पाहिजे. मी आंघोळ करून आलो, नमस्कार केला, सायकलच्या हँडलला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. शेजारी बघायला जमले. कोणी म्हणालं, विलायती वाटते. मी फुगलो. आईने मला विचारलं, झालं ना रे सगळं नीट? मी म्हणालो, झालं. आणि ड्यूटीवर निघून गेलो.

खोटं बोललो नाही मी. खरंच विसरलो होतो. इतकी वर्षं मी हे वाक्य स्वतःला सांगतो आहे आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

आमच्या शॉपमध्येही, म्हणजे कारखान्यातल्या वर्कशॉपमध्येही, पूजा मांडली होती. मशीन थांबलेली, त्यामुळे जागा ओळखू येत नव्हती. माणसं नेहमी ओरडून बोलायची सवय असल्याने त्या शांततेतही ओरडूनच बोलत होती. लांब टेबलावर सगळे पाने आकाराप्रमाणे लावलेले, त्यांच्या शेवटी थोडे नट-बोल्ट, दोन-चार क्लॅम्प, सगळ्यांना कुंकू. मी प्रसादाची बुंदी घेऊन उभा होतो. त्या क्लॅम्पकडे पाहिलं, आणि घरच्या पाटावर हातोडीच्या शेजारी कुंकू लावलेली पट्टी मला दिसली. सकाळी मी तिला नमस्कार केला होता. डोळ्यांनी पाहिली होती आणि नमस्कार केला होता.

बुंदी हातातून कधी पडली ते कळलं नाही. घड्याळात सव्वादहा झाले होते. सुनंदा साडेदहाला निघणार. फोरमनला काय सांगितलं ते आठवत नाही, घरी कोणी आजारी आहे असं काहीतरी. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाहेर जायचा पास लिहून दिला. पासवर त्याच्या अंगठ्याचं कुंकू लागलं. शॉपपासून गेटपर्यंतचा तो रस्ता मी रोज बोलत, गात पार करायचो. त्या दिवशी तो संपेना. गेटवर शिपायाने पास उलटापालटा करून पाहिला, आणि मी रडायच्या बेतात होतो.

घरी पोचलो तर अंगणात नारळाच्या करवंट्या होत्या आणि सायकल नव्हती. मी चपला न काढता आत शिरलो आणि पाटावरून पट्टी, बोल्ट आणि एक पाना उचलला. आई स्वयंपाकघरातून आली.

"आज अवजारं हलवत नाहीत रे. कावून उचलून राहिला?"

मी दाराकडे वळलो. बोललो असतो तर तिला कळलं असतं, आणि तिला कळलेलं मला सहन झालं नसतं. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, देवाचं उचललं, आता काहीतरी वाईट होईल. आईच्या त्या वाक्याची मला त्या दिवशी वाटलेली भीती कारखान्यात लाल लोखंडाजवळ उभं राहूनही कधी वाटली नाही.

जामुलला जायला हुडकोतून कारखान्याच्या वसाहतीचे सेक्टर ओलांडायचे, मग रेल्वे रुळांवरचा पूल. चढ सौम्य आहे. पण पलीकडचा उतार सरळ हायवेवर जाऊन पडतो आणि हायवेवर रात्रंदिवस ट्रक. तिथे ब्रेक लावावाच लागतो. मी माझी काळी सायकल दामटत होतो आणि प्रत्येक चौकात पुढे बघत होतो की गर्दी जमलेली आहे का. सगळीकडे गर्दी होती. पूजेचा दिवस. मांडवाभोवती माणसं, लाउडस्पीकर, ट्रकच्या तोंडाला केळीचे खुंट बांधलेले. प्रत्येक गर्दीपाशी माझा जीव जायचा आणि मधे मूर्ती दिसली की परत यायचा. मी देवाला काय काय कबूल केलं ते आज सांगायची लाज वाटते. त्यातलं बरंचसं पाळलंही नाही. पण एक आठवतं. मी म्हणत होतो की तिला नोकरी नको, काही नको, ती नुसती रस्त्याच्या कडेला उभी असू दे.

पुलाच्या माथ्यावर आलो. खाली पाहायचं धाडस होईना. एक क्षण मी डोळे मिटून उभा राहिलो.

ती हायवेच्या पलीकडे, करंजाच्या झाडाखाली उभी होती. सायकल झाडाला टेकवलेली, माळेतली फुलं गळालेली. एका पायात चप्पल, दुसरी हातात. मी कसा उतरलो, कसा हायवे ओलांडला, देव जाणे. जवळ जाऊन विचारलं, काय झालं? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काही नाही. पुलावर उतरली मी. चालत आली. चपलीचा अंगठा तुटला."

त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. मोठ्याने हसलो. भित्री ती भित्रीच, म्हणालो. म्हटलं, इतकी सुंदर सायकल आणि तू हातात धरून चालतेस. तिने मान खाली घातली. मी चाकापाशी बसलो. ब्रेकचा दांडा खाली लोंबत होता. सकाळी तो नळीला समांतर होता. खड्ड्यांनी सरकला असेल, असं मी मनात म्हणालो आणि तो वर केला, पट्टी घातली, आवळली. चेन सैल होती, म्हणून आलो, असं तिला सांगितलं. पाना घसरला आणि नळीवरचा ओला रंग बोटभर निघाला. खाली लोखंड दिसायला लागलं. तुटलेली चप्पल मी माझ्या रुमालाने बांधून दिली आणि ती शाळेत गेली. उशीर झाला नाही.

पुढे तिने ती सायकल तेरा वर्षं चालवली, मग ती माझ्याकडे परत आली. नोकरी टिकली, पक्की झाली, लग्न होऊन ती जवळच्याच एका सेक्टरमध्ये राहिली आणि तिथूनही जामुलला सायकलनेच जात राहिली. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी सुनंदाने आणलेला चष्मा होता. पण पुलावर मात्र सुनंदा दर वेळी उतरायची. जाताना उतरायची, येताना उतरायची, कडेकडेने सायकल हातात धरून चालायची. आमच्या घरात हा मोठा विनोद होता. तिच्या लग्नात मी नवरदेवाला सांगितलं होतं, उताराला जपा, आमची पोरगी बसून राहत नाही. सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि माझ्या मनात दर वेळी एक चोरटं समाधान असायचं, की बरं झालं बाई तू भित्री आहेस, तुझ्या भित्रेपणानेच मला वाचवलं.

आज अंगणात सायकल आडवी टाकली होती. रश्मी पॉलिशपेपरने नळी घासत घासत त्या जुन्या ओरखड्यापाशी आली आणि विचारू लागली, मामा, बाकी सब परफेक्ट है, हे इथेच असं कसं झालं? तिला तिथे पुट्टी भरायची होती. मी म्हणालो, राहू दे तेवढं. का, म्हणाली. आणि इतक्या वर्षांनी, का कोण जाणे, कदाचित त्या वासाने, मी सांगून टाकलं. पट्टी, ओला रंग, पाटावरचं कुंकू, फोरमनला मारलेली थाप, सगळं. सुनंदाकडे न बघता सांगितलं. शेवटी म्हणालो, नशीब, तू उतरून चालत आलीस.

सुनंदा खुर्चीतून उठून सायकलपाशी आली. मला वाटलं, रागावली. रागावणं तिच्या हक्काचं होतं.

"मी नव्हती उतरली, भाऊ," ती म्हणाली. "बसूनच होती. खूप पायडल दाबलं उलटं. लागलाच नाही. मंग पाय घासत घासत आली खाली. समोरून ट्रक येऊन राहिला होता, ट्रकवाल्यानंच तो थांबवला."

रश्मीचा हात थांबला. मी त्या दांड्याकडे बघत राहिलो. तो लोंबत होता त्या दिवशी. मी फिटर आहे. तसा दांडा कशाने फिरतो हे मला ठाऊक होतं, आणि मी खड्ड्यांवर ढकललं, कारण खरं काय ते बघायची मला भीती वाटली होती. जे टळलं म्हणून मी इतकी वर्षं देवाचे आभार मानत होतो ते टळलंच नव्हतं. ते घडलं होतं, आणि मी त्याच्या शेजारी बसून हसलो होतो.

मी कसंबसं विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?

आईने सायकल बंद केली असती, सायकलसोबत नोकरीही, असं ती म्हणाली. आणि मग म्हणाली, मैदानात तर ब्रेक बरोबर लागायचा. दुसऱ्या दिवसापासूनही लागायचा. त्याच दिवशी लागला नाही. तेव्हा तिला वाटलं की ती घाबरली आणि तिचा पाय उलटा पडलाच नाही. दोष सायकलचा कसा असेल? सायकल तर भावाने बनवली होती. म्हणून ती तेरा वर्षं पुलावर उतरत राहिली. आपला भरवसा नाही म्हणून.

रंगाचा डबा उघडा होता आणि त्यावर साय धरायला लागली होती. पट्टी माझ्या हातात होती, पुसून लख्ख केलेली. सुनंदाने हात पुढे केला आणि ती माझ्याकडून घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. बोटाएवढीच तर आहे.

"म्हणजे मले ब्रेक लावता येत होता," ती म्हणाली.